रेच्यांच्या आवाजातली शाळा

ये गं मृणाल, अशी जवळ ये. आणि तो मोबाईल आधी पालथा घालून ठेव. तू तिकडं पुण्यात नि मी इकडं अकोल्यात, तरी म्हणते जवळ ये, कारण हे फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच म्हणशील, "आई, एक मिनिट हं, दुसरा कॉल येतोय." तुझं एक मिनिट मला चांगलं माहीत आहे, मागच्या रविवारचं अजून संपलेलं नाही. त्या दिवशी भाजी फोडणीला टाकता टाकता तू सांगून टाकलंस की चिऊला, माझ्या एवढ्याशा नातीला, शाळेतून काढून घरीच शिकवायचं म्हणतोय, आणि वर म्हणालीस, "तुम्ही नाही का सुजाताताईंना आणि राहुलला ग्रॅज्युएट होईपर्यंत घरीच शिकवलं? किती भारी ना!" भारी म्हणे. अवं माय, त्यात भारी काय होतं? तुझ्या नवऱ्याला त्यातलं हसूच तेवढं आठवतं, कारण तो लहान होता नि खोडकर होता. माझ्या जिवाची नुसती घालमेल होती. म्हणून हे लिहिते आहे. नीट वाच, वरवर चाळू नको.

तुझे सासरे रेच्यांचे फिटर होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. जिनिंगमध्ये असे रेचे ओळीनं मांडलेले असतात आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत धडधडत असतात. जिनिंग बदलली की आमचं गाव बदलायचं. धामणगाव, मग बाळापूर, मग अमरावतीबाहेर भातकुलीच्या रस्त्याला, मग अकोला. मालकानं दिलेली खोली, एक ट्रंक, एक मांडणी, दोन लेकरं. ती वर्षं कापसाची पडती वर्षं होती. आज चालू असलेली जिनिंग पुढच्या साली उघडेलच असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. मी भिंतीत खिळासुद्धा ठोकायची नाही. कॅलेंडर लावायचं तर खिडकीच्या गजाला बांधायची.

लेकरं एखाद्या शाळेत रुळली की आमची ट्रंक उचलायची वेळ यायची. आधीच्या शाळेचा दाखला यायला महिनोन् महिने, तोवर नव्या शाळेत लेकरू मागच्या रांगेत नुसतं बसून. बाळापूरला तर सुजाताला पुन्हा पाचवीतच बसवायला निघाले. गुरुजी म्हणाले, "बाई, हिचा पाया कच्चा आहे." मी म्हटलं, "गुरुजी, पाया कच्चा नाई. पायाखालची जमीनच दरसाल बदलून राहिली, त्याले ते लेकरू काय करीन?" तिथून तिचा हात धरला नि घरी आणली. राहुलला तर नंतर शाळेत टाकलाच नाही. ह्यांनी भाकरीचा घास तसाच हातात धरून विचारलं, "तू शिकवशीन?" मी म्हटलं, "हाओ." ते म्हणाले, "शिकव बाप्पा. पण सर्टिफिकेट कोण देईन? तू?"

माझी स्वतःची सातवी. तीही पास झाले की नापास ते कळायच्या आत लग्न झालं. त्यामुळं माझं शिक्षण खरं म्हणजे या लेकरांच्या बरोबरीनंच झालं; मी मोठी झाले ती त्यांच्या पुस्तकांतून. रद्दीवाल्याकडून जुनी गाईडं आणायची, सकाळी चूल पेटायच्या आधी धडा स्वतः वाचायचा, भाकरी थापताना तो त्यांना सांगायचा. बीजगणिताशी मी जेवढी भांडले तेवढी सासूशीसुद्धा भांडले नाही. बेरीज-वजाबाकी सरकीच्या दाण्यांवर, भूमिती फरशीवर खडूनं. इंग्रजी रेच्यांच्या विजेच्या मोटारीवरच्या पत्र्याच्या पाटीवरून. राहुलला फुलपाखराचं स्पेलिंग यायच्या आधी बेअरिंगचं आलं. मराठीला मी रोजचा पेपर लावायची. पण तेव्हा पेपर उघडायचीच भीती वाटायची. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या त्या बातम्या, रोज एखादी असायचीच. मी आधी पहिलं पान काढून चुलीत घालायची, मग बाकीचा लेकरांच्या हाती द्यायची. एकदा सुजातानं विचारलं, "माय, आपल्या पेपरले पहिलं पान काहून नसते?" मी म्हटलं, "स्वस्तातला आहे."

आता आवाजाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या खोलीची नि रेच्यांच्या हॉलची भिंत एकच. भिंतीला पाठ लावली तर दात कडकडायचे. वरणात रुईचे तंतू, आंबाडीच्या भाजीत रुईचे तंतू, आणि कानात सदा ती घरघर. अकोल्याच्या जिनिंगमधल्या शेजारच्या रुकय्याभाबी, त्यांचा नवरा प्रेसवर कापसाच्या गाठी बांधायला होता, त्या दालच्याची वाटी द्यायला आल्या की दारातूनच ओरडायच्या, मीही ओरडूनच या, बसा म्हणायची. आम्ही सगळेच तसे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी राहुलला म्हणाली होतीस ना, "घरात भांडण झालंय का?" अवं, आम्ही चहात साखर किती ते विचारत होतो. अशा घरात अभ्यास मनातल्या मनात होत नसतो. लेकरं वाचायची ती ओरडून, लिहायची तीही ओरडून. हातानं लिहायचं, तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे त्या धडधडीच्या वर आपलं आपल्याला ऐकू येतं. मला ते फार आवडायचं. कणीक मळता मळता मला कळायचं कोण कुठं चुकलं.

अशी वर्षं गेली आणि अकोल्यात सुजाताची दहावी आली. बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून, हे मी कुठून कुठून विचारून काढलं होतं. तोवर नणंदबाईंनी एक स्थळ आणून ठेवलं. "वयनी, पोट्टीले घरात कोंडून ठेवली, ना शाळा ना काही. पाहणारे काय म्हणतीन?" ह्यांनी बहिणीला शब्द दिला, दहावी पास झाली तर पुढं शिकेल, नाही तर उन्हाळ्यात उरकून टाकू. माझ्यासमोर दिला. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. दिवसभर नुसती खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत. रुकय्याभाबी म्हणायच्या, "बैठ जाओ बाई, तुम्हारे चलने से मेरेकू चक्कर आ रहा."

पहिला पेपर मराठीचा. शहरातल्या एका मोठ्या शाळेत नंबर आला होता. पोरगी आत गेली, मी रस्त्यापलीकडं निंबाखाली उभी राहिले. तिथं बाकीच्या आया सतरंजी अंथरून बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "तुमची कोण्या शाळेची?" मी म्हटलं, "घरची." ती हसली; तिला वाटलं मी गंमत केली. मला बसवेना. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. निम्मा वेळ झाला असेल, शिपाई फाटकात येऊन म्हणाला, "तायडे सुजाताचं कोण आहे?" मी पळतच रस्ता ओलांडला.

आत व्हरांड्यात सुजाता भिंतीला लागून उभी. पेपर सरांच्या हातात. सर म्हणाले, "बाई, तुमची मुलगी मोठमोठ्यानं उत्तरं सांगते. दोनदा बजावलं. मागचे दोघं तर तिचं ऐकून लिहून मोकळेही झाले."

मी म्हटलं, "सर, ती कोणाले सांगून नाई राहिली! ती स्वतःलेच सांगून राहिली!"

माझा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. वर्गांमधून पोरांच्या माना खिडकीकडं वळल्या. केंद्राच्या मुख्य बाई धावत आल्या. "अहो, हळू बोला! परीक्षा चालू आहे!"

"मी हळूच बोलून राहिली, मॅडम!"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. माझ्या पदराला चिकटलेली रुई पाहिली असेल. म्हणाल्या, "राहता कुठं?"

"जिनिंगमधी."

"आणि घरी सगळे असेच बोलता?"

"मंग काय तं! रेचे चालू असतात ना!"

त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. पेपर सरांकडून घेऊन सुजाताच्या हातात दिला. म्हणाल्या, "आज बसू देते. पण पुढच्या पेपरला तोंडातून शब्द निघाला तर मला पेपर काढूनच घ्यावा लागेल, बाई. इतर मुलांच्या पालकांना मी काय सांगू? मग माझ्याही हातात काही राहणार नाही." खरं सांगते मृणाल, मला त्यांचा राग आला नाही. त्या बरोबर होत्या.

पेपर सुटल्यावर सुजाता रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "माय, तिथं इतकं सामसूम होतं का मले माह्या डोक्यातलं काहीच ऐकू येईना. म्हणून जरा मोठ्यानं म्हणून पाहिलं."

घरी आल्यावर आमची नवीनच शाळा सुरू झाली, गप्प बसायची. इंग्रजीच्या पेपराला मध्ये थोडेच दिवस होते. ओठ मिटून लिही म्हटलं की तिचा हात थांबायचा. हात चालला की तोंड चालायचं. रुकय्याभाबी म्हणाल्या, "मुँह में पानी भर के बिठाओ ना उसको. हम बहनें झगड़ते थे तो अम्मी ऐसेच बिठाती थी." मग गाल फुगवून, तोंडात पाण्याची गुळणी धरून ती निबंध लिहायला बसली. चार ओळी झाल्या असतील, राहुलनं समोर येऊन तसेच गाल फुगवले नि डोळे तिरळे केले. सगळी गुळणी निबंधावर. मी राहुलला धपाटा घातला आणि मग आम्ही तिघंही हसत सुटलो, आणि हसता हसता मला एकदम भीती वाटली. कारण पाणी असो नसो, भिंतीपलीकडं रेचे धडधडतच होते. त्या आवाजात गप्प बसली म्हणून काय, तिला शांततेत गप्प बसायचं होतं, आणि शांतता मी कुठून आणणार?

ती दुसऱ्याच दिवशी आली. दुपारी, भोंगा न होता, रेचे थांबले. आधी एक, मग दुसरा, मग सगळी ओळ. कोणाला काही समजेना. खोल्याखोल्यांतून बाया दारात आल्या. पलीकडच्या खोलीतलं एक तान्हं, जन्मापासून त्या आवाजातच झोपत आलेलं, ते दचकून उठलं नि रडायला लागलं. आम्ही सगळ्या त्याचं रडणं ऐकत उभ्या, जशी काय ती कोणी नवीनच गोष्ट असावी.

हे हात पुसत आले. "बंद. मालक म्हणे, कापसाच्या गाड्याच येऊन नाई राहिल्या, कायच्या भरवशावर चालू ठेवू? आता पुढच्या साली पाहू म्हणे." बाजेवर बसले, लगेच उठले. "आदिलाबादकडं फिटर पाहिजेत. उद्या सकाळी जीप जाऊन राहिली. सामान बांध."

 सवयच होती. ट्रंक ओढली, मांडणीवरच्या ताटल्या एकात एक घालायला लागले. आणि मान वळवली तर सुजाता कोपऱ्यात बसलेली, पुस्तक मांडीवर, तोंडात पाण्याची गुळणी, गाल फुगलेले. तिला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र माझ्या हातातल्या ताटल्यांवर. मी ताटल्या परत मांडणीवर ठेवल्या, एकेक करून.

"मी नाई येत," मी म्हटलं.

"नाई येत म्हणजे?"

"पेपर होईस्तोवर मी इथून हालत नाई. तुमी जा."

"खोली खाली करा लागीन. मालक का फुकट ठेवीन?"

"रुकय्याभाबीकडं राहू." मी भाबींना विचारलंसुद्धा नव्हतं. पण रेचे बंद असले की त्या चाळीत भिंतीला कान फुटायचे. पलीकडून आवाज आला, "हाँ हाँ, रहने दो! हमारेकू तो चौकीदारी करने यहीच रहना है!"

ह्यांचा चेहरा पडला. "राहुलची माय, तू तं गावोगाव माह्या मागं आली. कधी नाई नाई म्हटलं. आता काहून अडली?"

"याच्यासाठीच आली ना मागं! एवढ्या दूर आणलं पोट्टीले, थे आता अर्ध्या वाटेवर टाकू? आणि मंग उन्हाळ्यात तुमच्या बहिणीच्या हाती देऊ?"

ते न जेवता बाहेर निघून गेले. मी वांग्याची भाजी झाकून ठेवली. मला वाटलं, आता हे रागानं न सांगताच जातात की काय. पण घटकाभरानं परत आले आणि दारातूनच सुजाताला म्हणाले, "थुंक थे पाणी. पुस्तक घे. चाल माह्यासंगं."

मी मागून गेले, लपूनच म्हण ना. त्यांनी तिला रिकाम्या हॉलमध्ये नेलं. रेचे गप्प उभे. वासे, पट्टे, खिडक्या, सगळ्यांवर रुईचा थर, आणि वर कुठंतरी दोन चिमण्या. एक लाकडी खोकं उपडं घालून तिला त्यावर बसवलं. "लिही. मी सुपरवायझर." आणि हात मागं बांधून रेच्यांच्या दोन ओळींमध्ये येरझारा घालायला लागले. चप्पल कुरकुरते असं लक्षात आलं, तर ती काढून अनवाणी चालायला लागले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण जिनिंगमधला माणूस समोरच्याचं बोलणं कानानं नाही ऐकत, ओठांवरून ऐकतो. इतकी वर्षं ते तसंच ऐकत आलेले. पोरीचा ओठ जरा हलला, आवाज नाही, नुसता हलला, की हे बोट वर करायचे. ती थांबायची, श्वास घ्यायची, परत लिहायची. पुन्हा बोट. पुन्हा श्वास. उन्हं उतरेपर्यंत हे चाललं. ज्या माणसाचं काम दुपारी गेलं होतं, तो संध्याकाळपर्यंत पोरीच्या ओठांकडं बघत अनवाणी फिरत होता. शेवटी शेवटी बोट वर होईना. मी दाराआड उभी. माझ्याच तोंडातून आवाज फुटेल म्हणून पदर चावून धरला होता.

सकाळी जीप आली. ट्रंकेतले त्यांचे कपडे मी पिशवीत भरून दिले. भाकरी नि ठेचा बांधून दिला. मला काही बोलले नाहीत. सुजाताला मात्र जवळ बोलावून म्हणाले, "अजून तुहा खालचा ओठ हालते. तेवढा सांभाळ." आणि चढून बसले.

इंग्रजीच्या दिवशी मी पुन्हा त्याच निंबाखाली. शिपाई फाटकाकडं आला की मी दोन पावलं पुढं व्हायची. एकदा तो आला, थुंकला, परत गेला. एकदा आला, घड्याळ पाहिलं, परत गेला. सतरंजीवरच्या बाईनं मला संत्र्याच्या फोडी दिल्या, त्या हातातच कोमट झाल्या. मग घंटा झाली आणि पोरापोरींचा लोंढा बाहेर पडला, सगळे एकाच वेळी बोलत, हसत. माझी त्यात दिसेना. गर्दी सरली, तरी दिसेना. मी फाटक ढकलून आत घुसणार तोच ती आली, सगळ्यांच्या मागून, पॅड छातीशी धरून. मी विचारलं, "काय झालं वं?" तिनं काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. त्या पोरीचं बोलणं मला ऐकू न येण्याची ती पहिली वेळ. मला वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"झाला," ती म्हणाली.

पुढचं तुला माहीत आहे. सुजाता पास झाली, ते स्थळ दुसऱ्या कोणाच्या घरी गेलं. बारावी तशीच बाहेरून. मग मुक्त विद्यापीठातून तिचं बी.ए., मागोमाग राहुलचं बी.कॉम., त्यांच्यामागं माझी फरफट, कारण अर्थशास्त्राची पुस्तकं आधी मलाच वाचावी लागायची. राहुलचा शेवटचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी उठले, दिवा लावला, चष्मा घातला आणि बसून राहिले. शिकवायला घरात कोणी उरलंच नव्हतं. ती चुळबुळ अजून गेलेली नाही. हे लिहितानासुद्धा मी चारदा उठून ओट्याशी जाऊन आले आहे.

चिऊला घरी शिकवू नको असं मी म्हणत नाही. कोण्या तोंडानं म्हणू? पण माझ्या घरात भिंतीपलीकडं एक भाबी होती आणि अनवाणी फिरणारा एक बाप होता. तू त्या उंच इमारतीत दार लावून बसशील, राहुल ऑफिसात, आणि चिऊला काय येत नाही ते तुलाही परीक्षेच्या दिवशीच कळेल. म्हणून म्हणते, आधी तिला घेऊन ये. शाळेतून नाव काढायच्या आधी ये. राहुलला सुटी नसेल तर त्याला राहू दे तिथं, तुम्ही दोघी गाडीत बसा. थोडे दिवस मला तिच्याजवळ नुसतं बसू दे, ती कशी वाचते, कुठं अडते, कोणाकडं बघते ते पाहू दे. मग काय ते ठरवू. माझा जीव लागून राहिला आहे गं. या आठवड्यात जमतं का बघ.